शेवटच्या पाण्यासाठी जपलेल्या कपच्या

मित्रांनो, मी एक जुना बोरू आहे. एकेकाळी चांगला वीतभर होतो, आता बोटभरही उरलो नाही. दलदलीत वाढलो आणि टणक व्हावं म्हणून घोड्याच्या लिदीत पुरला गेलो. ते दिवस आठवले की मी अजून नाक मुरडतो, नाक नसलं तरी.

इस्तंबूलच्या उस्कुदार भागात साबित एफेंदींनी मला पहिलं टोक काढलं. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या सुलेखन चाले. आम्हा बोरूंच्या छाटलेल्या कपच्या ते फेकत नसत, अक्रोडी पेटीत जपून ठेवत. सुलेखनकार गेला की त्याच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी याच कपच्यांवर तापवतात. म्हणजे आम्ही जितके झिजू, तितकं ते पाणी जवळ येई. घरात मात्र कुणी हे तोंडाबाहेर काढत नसे.

एफेंदींचा मुलगा निहाद लढाईवरून परतला नाही. त्याची बायको मेलाहत, दूरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांची लेक, सासऱ्यापाशीच राहिली. तिनं अल्लाशी अबोला धरला होता.

एका थंड सकाळी एफेंदी तापानं फणफणले. कोळसे ओले होते. काढा उकळायला मेलाहतनं ती पेटीच शेगडीत रिकामी केली. तिला बिचारीला काय ठाऊक! तेवढ्यात शेजारच्या नेफिसे हानिम आल्या आणि दारातच किंचाळल्या, "अगं बये, सासऱ्याचं शेवटचं पाणी आजच तापवलंस? आता बघ, मरण या घराचा उंबरा झिजवणार!"

मेलाहत पांढरीफटक पडली. आतून एफेंदी म्हणाले, "नेफिसे, घसा बसेल तुझा. पोरी, आण तो काढा. सुलतानालाही असा मिळाला नसेल."

पण त्यांच्या हातातला पेला थरथरत होता. त्या हातानं आता अक्षर निघणार नव्हतं. पेटी रिकामी होती आणि माणूस संपत आला होता.

"बाबा, मी भरून देते पेटी. मला शिकवा," मेलाहत म्हणाली.

"आमच्यात पहिला कित्ता प्रार्थनेचा असतो. 'हे प्रभू, सोपं कर, अवघड करू नकोस.' चालेल?"

"मनापासून नाही लिहिणार मी."

"मनाला मागाहून बोलाव. आधी हात येऊ दे."

ती रोज तीच ओळ गिरवू लागली. सुरुवातीला रागानंच. पलीकडच्या खोलीतून खोकला ऐकू येई आणि माझ्यावरची तिची बोटं घट्ट होत. पुढे पुढे ती ओळ नुसती लिहिली जात नव्हती, मागितली जात होती. मला ते तिच्या आधी कळलं.

आम्हा बोरूंच्या कपच्यांनी पेटी भरत आली आणि एक दिवस तिनं मला छाटणं बंद केलं. माझं टोक बोथट झालं, अक्षरं सुजल्यासारखी दिसू लागली. मला फार भीती वाटली, कारण तिच्या मनातलं मी ओळखलं होतं.

एफेंदींनी कागद डोळ्यांजवळ धरला. "टोक का काढत नाहीस?"

"पेटी भरेल, बाबा. आणि मग तुम्ही..." ती रडू लागली.

"वेडी गं माझी लेक! बोथट बोरूनं मरण अडत नाही. अक्षर तेवढं बिघडतं."

तिनं डोळे पुसले, चाकू घेतला आणि मला नीट तिरकं छाटलं. त्या दिवशीची ओळ पाहून एफेंदींनी तिला जवळ बसवलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले.

ते गेले तेव्हा कपच्या जेमतेम पुरल्या. मेलाहतनं पाण्यात कोपर बुडवून ऊब पाहिली, पाणी आत आंघोळ घालणाऱ्यांकडे पाठवलं आणि शेगडीपाशीच दुवा मागितली. तिचा अबोला सुटला होता. इतकी शांत मी तिला कधी पाहिली नव्हती.

आता फळीवर दुसरी पेटी आहे. तिची स्वतःची. तळाला माझ्याच कपच्या आहेत आणि रोज एखादी वाढते.

मित्रांनो, तुम्हीही आपलं टोक बोथट ठेवू नका. आणि पेन्सिलीला टोक करताना सालं फुंकर मारून उडवू नका. तुमचाही हात चालल्याची ती खूण आहे.