प्लॅस्टिक काढू नकोस

मित्रांनो, मी संगणकातला एक जुना पंखा आहे. दुसऱ्याला थंड ठेवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याचंच डोकं आज तापलेलं आहे.

घानातल्या कुमासी शहरात, अफ्रिये मॅडमच्या दुकानात मी सात वर्षं राबलो. तिथे मृताचा फोटो असलेले अंत्यविधीचे फलक छापतात. काम करताना प्रोसेसर तापतो. माझ्या बुडाच्या धातूने ती उष्णता ओढायची आणि मी ती वाऱ्यावर सोडायची, असा आमचा संसार. संगणक कधी अडत नाही, असं गिऱ्हाईक म्हणालं की मॅडम संगणकाच्या डब्यावर कौतुकाने थोपटायच्या. आत मी आहे, हे कोणाच्या गावीही नव्हतं. दर डिसेंबरात उत्तरेकडची धूळ येऊन माझ्या पात्यांवर बसायची. सात वर्षांत कोणी साधी फुंकर मारली नाही.

नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढलेलं मॅडमना खपत नसे. त्यांची म्हातारी आई दुपारी दुकानात येऊन बसायची आणि घामाने खुर्चीला चिकटायची.

"अगं, पाठ भाजते माझी. काढ की ते प्लॅस्टिक," ती म्हणायची.

"राहू दे आई, खुर्ची मळेल."

मग आई गेली. शनिवारी अंत्यविधी ठरला, आणि त्याआधीच्या बुधवारीच धुळीने माझा दम कोंडला. संगणक तापून बंद पडू लागला. गावभराचे फलक छापणारीच्या स्वतःच्या आईचा फलक भिंतीवर नाही, याहून मोठी नामुष्की कुमासीत नाही. मॅडमनी ओफोसूला बोलावलं. तो खरा मोबाईल दुरुस्त करणारा, पण समोर येईल ते उघडायचा.

जुन्याची धूळ झाडू, काम भागेल, असं तो म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. पण मॅडमना नवंच हवं होतं. पाण्याने थंड करणारं यंत्र त्यांनी विजेशेजारी पाणी नको म्हणून नाकारलं आणि बाजारातला सगळ्यात धिप्पाड, रंगीत दिव्यांचा पंखा निवडला. निवडताना त्यांनी दिवे तेवढे पाहिले.

"आणि प्लॅस्टिक काढू नकोस," त्यांनी बजावलं.

मागे प्रिंटरचं प्लॅस्टिक काढून ओफोसूने बोलणी खाल्ली होती. त्याने मुकाट्याने मला काढून फळीवर ठेवलं आणि नवा पंखा तसाच बसवला. त्याच्या बुडालाही पातळ प्लॅस्टिक होतं.

फळीवरून मी सगळं बघत होतो. दिवे झगमगत होते, पाती गरगरत होती, आणि दर दहा मिनिटांनी आईचा चेहरा पडद्यावरून नाहीसा होत होता. धातू प्रोसेसरला टेकतच नव्हता. मला तोंड असतं तर मी दुकान डोक्यावर घेतलं असतं. शुक्रवार उजाडेपर्यंत त्या दोघांनी विजेला, प्रोसेसरला आणि मलासुद्धा नावं ठेवली.

शेवटी मलाच परत बसवू म्हणून ओफोसूने नवा पंखा उचलला आणि तो थबकला.

"मॅडम, बुडाला प्लॅस्टिक आहे," तो हळूच म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होतात."

मॅडमनी ते नखाने सोलून काढलं. दुपारपर्यंत सगळे फलक छापून झाले आणि ओफोसू ते भिंतींवर लावायला गेला. मॅडम आईच्या खुर्चीपाशी गेल्या, तिचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसून रडल्या.

मी अजून फळीवर आहे, धुळीसकट. मित्रांनो, वस्तू जपायची तर तिला पुसा, गुंडाळून ठेवू नका. ती खुर्ची आजही नव्यासारखी आहे, पण पाठ टेकायला कोणी येत नाही.