मबरूकचा खजूर

मिलूद मुकद्दमच्या आरोळीला सारा दुक्काला प्रांत श्वास रोखून उभा राहतो, असं लोक सांगत. जत्रेत पंधरा बंदूकधारी स्वारांचे घोडे एका रांगेत उभे असत, आणि मिलूद त्या स्वारांचा मुकद्दम, म्हणजे म्होरक्या. त्याच्या घशातून ती लांब हाक निघाली की पंधराच्या पंधरा सुटत आणि बंदुकांचा बार एकच व्हायचा. मग त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि जीभ पार जड झाली.

अझेमूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला घोडाच लिहून दिला. "रोज अर्धा तास, सावकाश. घोडा चालतो तशी वर बसलेल्याची कंबर हलते, अंगाला चालणं आठवतं. पण एकदा जरी पडले, तर पुन्हा उठायचे नाहीत."

घोडा अर्थात त्याचाच, मबरूक. लेक इझ्झा लगाम धरून पुढे चालायची. आठ महिन्यांत बा ताठ बसू लागला, चहाचा पेला उजव्या हातात धरू लागला, काठी टेकत विहिरीपर्यंत जाऊ लागला. बोलणं मात्र अजून तुकड्या-तुकड्यांनी यायचं.

"आ... आरोळी आली," तो म्हणायचा, "की जत्रेत... मीच पुढं."

"आधी दाढी तरी कर, मुकद्दम!" इझ्झा चेष्टेवारी न्यायची. पण डॉक्टरीणबाईंचं बोलणं ती विसरली नव्हती. त्या हाकेला मबरूक कसा सुटतो, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं.

म्हणून बा दुपारी झोपला की ती मबरूकला शेताच्या टोकाला न्यायची आणि तीच आरोळी द्यायची. तो जागचा हलला नाही की त्याला खजूर मिळायचा. आपण बापाला फसवतोय हे तिला कळत होतं, पण तिला बाप जिवंत हवा होता.

जत्रेला आठवडा उरला होता. त्या सकाळी मबरूकवर बसल्या बसल्या बानं मान वर केली, छाती भरून घेतली. आणि आरोळी निघाली, सलग, अगदी पूर्वीसारखी. कुंपणापलीकडच्या बायका हातातली कामं टाकून बघू लागल्या. इझ्झाचे डोळे आनंदानं भरून आले.

मबरूक हलला नाही. त्यानं मान वळवली आणि इझ्झाच्या खिशात नाक खुपसलं.

बा बघत राहिला. चाळीस वर्षं घोडे शिकवलेला माणूस तो, त्याला काही सांगावं लागलं नाही.

"किती दिवस लागले त्याला?" त्यानं विचारलं. एकही शब्द अडखळला नाही.

"दीड महिना, बा."

"चांगलं शिकवलंस." त्यानं आयाळीवरचा हात काढून घेतला. "दे त्याला त्याचा खजूर. आणि मला खाली उतरव."