पेटीत न मावणारं बाळ

माझी लेक वेळेच्या बऱ्याच आधी जन्मली आणि तिचे पहिले दिवस दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत, नाकात नळी घालून, वर चिकटपट्टी लावून गेले. मला पेटीच्या भोकातून जेमतेम हात आत घालता यायचा. आता ती चार वर्षांची आहे, बोलण्यात कुणाला हार जात नाही, पण जवळ घ्यायला गेलं की लाकडासारखी ताठ होते. माझ्या मांडीवर ती कधी बसलेलीच नाही. मला तेवढंच हवं होतं.

म्हणून आम्ही लहान मुलांवर मानसोपचार करणाऱ्या एका बाईंकडे जातो. त्या मुलांना खेळू देतात, बघत राहतात आणि फार तर एखादं वाक्य बोलतात. लेकीनं त्यांचं नाव गप्पमावशी ठेवलंय. नवरा म्हणतो, गप्प बसण्याचा अनुभव त्याचाच जास्त, लग्नापासूनचा.

एरवी मी बाहेर दाराला कान लावून बसते. त्या दिवशी मलाही आत बोलावलं. शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, ती म्हणेल ते करायचं, एवढंच गप्पमावशींनी बजावलं. मी मान डोलावली आणि आत शिरल्या शिरल्या लेकीच्या हातातल्या खेळण्यातल्या मगरीकडे बोट दाखवून विचारलं, मगर कोणत्या रंगाची असते. गप्पमावशींनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

लेकीनं मगरीच्या नाकावर चिकटपट्टी लावली. मला कुठलं राहवतंय. अगं, तिनं श्वास कसा घ्यायचा, म्हणत मी ती ओढून काढली. लेक ताठ झाली आणि टेबलाखाली जाऊन बसली. झालं, खाल्ली मी माती.

"मगरीची नळी कुणीतरी काढून टाकली," गप्पमावशी टेबलाकडे बघत म्हणाल्या. "आता भरवसा तरी कुणाचा धरायचा?"

बऱ्याच वेळानं टेबलाखालून हुकूम आला. "आई, तू बाळ. पेटीत बस."

पेटी म्हणजे खेळण्यांचं पुठ्ठ्याचं खोकं. मी चांगली पदवीधर बाई, गुडघे कानांपाशी घेऊन त्यात बसले. नाकावर चिकटपट्टी लागली. असं किती वेळ बसायचं, मी विचारलं.

"बाळांना बोलता येत नाही," ती म्हणाली आणि गप्पमावशींना घेऊन कोपऱ्यात खोटा चहा प्यायला गेली.

आधी मला हसू आवरेना. मग पायाला मुंग्या आल्या. त्या दोघी माझ्याकडे पाठ करून निवांत चहा पीत होत्या. अचानक, खेळातलं नव्हे, मी खरंच रडायला लागले, नाक बंद असल्यामुळे म्हशीच्या आवाजात.

"बाळाला वाटतंय, सगळे आपल्याला विसरून गेले," गप्पमावशी म्हणाल्या.

लेक कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "काय बाई हे भोकाड! घेते, घेते, जरा म्हणून दम नाही."

तिनं माझ्या काखेत हात घालून मला उचलायला घेतलं. स्वतः लालबुंद झाली, मी तसूभर हलले नाही. फारच जाड बाळ आहे, असं गप्पमावशींना सांगून ती सरळ खोक्यातच चढली. खोक्याची एक बाजू टरकन फाटली आणि ती धप्पकन माझ्या मांडीवर आली.

मी तिच्या ताठ होण्याची वाट बघत राहिले. ती झाली नाही. माझ्या छातीला डोकं टेकून मला थोपटू लागली. थोपटणं कसलं, चापट्याच त्या.

गप्पमावशींनी घड्याळाकडे पाहिलं. वेळेच्या बाबतीत त्या फार कडक. आजची वेळ संपली, त्यांनी हळूच सांगितलं.

"शू. बाळ आत्ता कुठे झोपलंय," लेक म्हणाली. "मावशी, तू जरा बाहेर बस."

मी डोळे घट्ट मिटून घेतले. नाक भयंकर खाजत होतं. मी हलले नाही.