विहिरीच्या पाण्यात धुतलेले कोट

लाँड्रीवालीने कारखान्यावर डूख धरला होता, आणि ती काही विसरणारी बाई नव्हती. औषधांचा कारखाना वाढत वाढत तिच्या परसाला येऊन भिडला आणि तिच्या विहिरीचं पाणी नासलं. दिसायला नितळ, पण त्यात धुतलेल्या कपड्यांना ऊन लागलं की ते पिवळे पडायचे. गिऱ्हाइकांनी तिलाच नावं ठेवून पाठ फिरवली. नवऱ्याने हाय खाल्ली आणि त्यातच तो गेला. ती तक्रार घेऊन गेली, तेव्हा कारखान्याचे साहेब हसून म्हणाले, "मावशी, पाण्याला काही झालेलं नाही. साबण बदलून बघा."

तेव्हापासून ती टँकरच्या पाण्यावर धंदा कसाबसा रेटत होती. मुलगी मात्र त्याच कारखान्यात रोजंदारीवर गोळ्या भरायची. दुसरं काम उरलंच होतं कुठे?

एक दिवस साहेब स्वतः दारात आले. नव्या विभागाला पैसा पुरवणारे पाहुणे उद्या येणार होते आणि कारखान्याचं धुलाईयंत्र नेमकं बंद पडलं होतं.

"सगळ्यांचे कोट पांढरेशुभ्र हवेत, मावशी. विभाग उभा राहिला की पोरीला कायम करतो."

"आई, नीट धुऊन दे गं," मुलगी म्हणाली. "माझं सगळं यावर आहे."

"धुते की. चांगले धुते!"

तिने पोहरा विहिरीत सोडला. एकेक कोट पिळताना ती दातओठ खात होती, आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटत होतं. मुलीचा कोट हाती आला तेव्हा मात्र ती टँकरच्या पिंपाकडे वळली. लेकीच्या अंगाला ते पाणी कसं लागू द्यायचं? त्यापुढचा विचार तिला सुचलाच नाही. सगळे कोट तिने सावलीत वाळवले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर सगळे आवारात रांगेने उभे राहिले. ऊन चढलं. साहेबांचं भाषण रंगात आलं आणि त्यांचीच कॉलर पिवळी पडली. मग बाह्या, पाठी, अख्खी रांग. फाटकाशी उभी राहून लाँड्रीवाली डोळे भरून बघत होती. तेवढ्यात तिला रांगेतला एकच पांढरा कोट दिसला, तिच्या लेकीचा.

"तुझा एकटीचाच कसा पांढरा?" पाहुण्या बाईंनी मुलीला विचारलं.

"विचार करून बोल," साहेब म्हणाले.

लाँड्रीवाली लांबूनच 'सांगू नकोस' अशी जोरजोरात मान हलवू लागली. सूड गेला चुलीत, पोरीची नोकरी वाचू दे!

मुलीने आईकडे रोखून पाहिलं. "माझा विकतच्या पाण्यात धुतलाय," ती म्हणाली. "बाकीचे आमच्या विहिरीच्या पाण्यात. भिंतीपलीकडेच आहे. चला, दाखवते."

तिने कोट काढून साहेबांच्या हातात कोंबला आणि निघाली. पाहुणे तिच्या मागे. फाटकाशी ती क्षणभर थांबली.

"मला सांगायचं तरी होतंस, आई. बाप माझाही होता."