पडदा स्थिर होईपर्यंत

“अगं, हा हलत का नाहीये?” मॅडमनी खुर्ची पुढे ओढली.

पडद्यावर बिलाची विंडो उघडी होती. माउसचा बाण ‘सेव्ह’ बटणाजवळ येऊन थबकला होता आणि आमचा एआय एजंट नुसता बघत बसला होता.

“झोपला बहुतेक,” मागून टेस्टिंगवाला मला म्हणाला. “ताई, बाळाबरोबर त्यालाही अंगाई म्हटलीत वाटतं.”

सगळे हसले. माझ्या रजेत आलेली नवी मुलगीही हसली, पण तिने लगेच ओठ मिटून घेतले. तिचं ते आवरणंच मला जास्त झोंबलं.

आमची कंपनी एजंटला डोळे आणि बोटं पुरवते. त्याला संगणकाचा पडदा दिसतो, मग तो माणसासारखी बटणं दाबतो, रकाने भरतो. हे साधन कसं वापरायचं याचं गाईड मी लिहायचे. ते माणसं वाचतात, आणि एजंटही वाचतो. मी बाळंतपणाच्या रजेवर गेले आणि ते काम नवीकडे आलं. परत आले तर माझ्या खिडकीजवळच्या खुर्चीत ती, आणि माझ्या चार ओळींच्या जागी तिची एक. “सेव्ह दाबा. विंडो बंद झाली की पुढे जा.” झालं! लोकांना ते भारी आवडलं होतं. बाळाला मांडीवर थोपटत मी तिची पानं वाचून काढली, एखादी तरी चूक सापडेल म्हणून. मेली एक सापडेल तर शपथ.

मीही हट्टाने माझं गाईड नव्याने लिहिलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, “एका साधनाला दोन गाईड नकोत. एजंटला दोन्ही देऊन बघू. ज्याच्यावर काम नीट होईल ते ठेवू, आणि जिचं गाईड तिच्याकडे पुढचं सगळं लिखाण. दुसरीने तक्रारींची उत्तरं द्यायची.”

तक्रारींचं टेबल म्हणजे संध्याकाळची पाळी. म्हणजे मी घरी पोचेपर्यंत बाळ सासूबाईंच्या कुशीत झोपलेलं. नवीला काय, एकटा जीव सदाशिव. आणि आज माझ्याच गाईडवर एजंट दगडासारखा बसला होता.

“ताई,” नवी माझ्या कानाशी वाकली. “ते घड्याळ बघा.”

बिलाच्या विंडोच्या कोपऱ्यात घड्याळ होतं, सेकंद दाखवणारं. मीच लिहिलं होतं, “पडद्यावर काहीही बदलत असेल तर थांबा. सगळं स्थिर झाल्यावरच बटण दाबा.” तो बिचारा पडदा बघत होता, पुन्हा बघत होता, आणि दर वेळी सेकंद पुढे सरकलेला. घरी पाळण्यापाशी मी अशीच उभी असते. श्वास चालू आहे ना? आहे. नीट बघितलं ना? पुन्हा बघू.

नवीने ते हळू सांगितलं होतं. तिच्या जागी मी असते तर खोलीभर ऐकू जाईल असं सांगितलं असतं. आता चांगुलपणातही हिचाच पहिला नंबर! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

“चूक माझ्या वाक्यात आहे,” मी मोठ्याने म्हणाले. “तो घड्याळ थांबायची वाट बघतोय.”

मग नवीचं गाईड दिलं. माझा चहा निवायच्या आत बिल सेव्ह होऊन विंडो बंद झालेली.

“ठरलं तर,” मॅडम म्हणाल्या. माझ्याकडे वळून आवाज मऊ केला, “तुझं लिखाण वाईट नाही गं. पण किती भिऊन लिहितेस! ताकसुद्धा फुंकून पिणारी तू.”

नवीच्या गाईडच्याही पहिल्या पानावर जबाबदार व्यक्ती म्हणून अजून माझंच नाव होतं.

“ते एजंटलाच बदलू दे की,” टेस्टिंगवाला म्हणाला. “तेवढीच आणखी एक चाचणी.”

“नको, मी करते हाताने,” नवी घाईने म्हणाली.

“करू दे त्याला,” मी म्हटलं. “कामच आहे त्याचं.”

बाण सरसर वर गेला. पान उघडलं, रकाना सापडला. माझं नाव निवडलं गेलं, निळं झालं, आणि तो थांबला. माझ्या पडद्यावर चौकट आली. कुणाचं काही पुसायचं असेल तर एजंट ज्याचं त्याला विचारतो, त्याशिवाय पुढे जात नाही.

‘हे नाव काढू का?’

“ताई, सावकाश,” नवी म्हणाली. ती माझ्या मागे उभी होती, माझ्या खांद्याआडून तिला धड दिसत नव्हतं.

मी खुर्ची थोडी बाजूला सरकवली, तिला पडदा दिसेल इतकी, आणि ‘हो’ दाबलं.