व्यायामाच्या रॅकमागची सीडी

दारावरचा कागद

दुकान कायमचे बंद. उरलेला माल आज संध्याकाळपर्यंत मिळेल. मालक येथे भेटणार नाहीत.

आईने हे तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं, निदान कानांना तरी खरं वाटावं म्हणून. शेजारी एक बस कंडक्टर उभा होता. गुरुवारी त्याची सुट्टी. दर गुरुवारी तो यायचा, दहा सिनेमांच्या सीड्यांच्या डब्या उलटून मागचं वाचायचा आणि एक घेऊन जायचा. अकरा वर्षं तो आणि आई एकमेकांना पाहत होते. त्या दिवशी पहिल्यांदा बोलले.

"आता गुरुवारी मी जायचं कुठे?" त्याने असं विचारलं, जणू दुकान आईनेच बंद केलं होतं.

मागच्याच गुरुवारी दुकान उघडं होतं. दिवे होते, गाणं चालू होतं, काउंटर सांभाळणारे नंबरकाका होते. "या वहिनी पुढच्या आठवड्यात," असं म्हणाले होते. म्हणजे त्यांनाही पत्ता नव्हता.

वाद्यसंगीत

माझे बाबा पोस्टात होते आणि संध्याकाळी एका वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचे. त्या वाद्यवृंदाने आयुष्यात एकच सीडी काढली. तिच्या चौथ्या गाण्यात बाबा चाळीस सेकंद एकटे वाजवतात. बाकीचे सगळे थांबतात. कव्हरच्या मागच्या फोटोत ते दुसऱ्या रांगेत आहेत, ढोलाआड अर्धे झाकलेले.

घरची प्रत कुणीतरी ऐकायला नेली ती नेलीच. सीडी काढणारी कंपनी बुडाली. नेटवर मी शोधलं, नाव टाकून, साल टाकून. काही नाही.

बाबा गेले त्याच वर्षी आईला या दुकानात एक प्रत दिसली.

तिने ती घेतली नाही.

व्यायाम आणि आरोग्य

तिने ती लपवली. दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून वाद्यसंगीताच्या रॅकवरून उचलली आणि व्यायामाच्या रॅकवर, पोट कमी करण्याच्या सीड्यांच्या मागे सारून ठेवली. तिथे कुणी हात घालत नाही हे तिने हेरलं होतं.

मी शंभरदा सांगितलं, अगं, घेऊन टाक, फोनमध्ये घालून देतो, मग घरी ऐकू. ती म्हणायची, घरी आणली की ऐकायला मी एकटीच. तिथे कसं, चार माणसं असतात.

दुकानाची रीत अशी होती. रॅकवर नुसत्या रिकाम्या डब्या. खऱ्या सीड्या काउंटरमागच्या ड्रॉवरमध्ये, पांढऱ्या पाकिटांत, पाकिटावर नंबर. चोरी नको म्हणून. डबी काउंटरवर नेली की नंबरकाका न बघता ड्रॉवर ओढत आणि सीडी आत बसवून देत. नंबर त्यांना सगळे पाठ. माणसांची नावं मात्र एक लक्षात राहत नसे.

दर गुरुवारी आई तिची डबी मागून काढायची. नंबरकाका सीडी काउंटरच्या टोकाच्या मशीनमध्ये लावायचे आणि हेडफोन तिच्या हातात द्यायचे. ऐकून झालं की ते दुसरीकडे बघत असताना ती डबी पुन्हा लपवायची. आपण लपवतो हे त्यांना ठाऊक नाही, अशी तिची समजूत. ते मात्र अधूनमधून चौकशी करायचे, "काय वहिनी, व्यायाम चालू आहे ना?"

"रोज," आई सांगायची.

आज सगळं अर्ध्या किमतीत

कागद वाचून ती आत शिरली. सरळ व्यायामाच्या रॅककडे. डबी जागेवर होती. तिने ती छातीशी धरली आणि काउंटरवर आणली. काउंटरवर दोन अनोळखी माणसं, माल उचलायला आलेली. त्यांनी पैसे घेतले, डबी पिशवीत घातली. त्यांना दुकानाची रीत ठाऊक नव्हती. आईला ठाऊक होती, पण अकरा वर्षांत तिला कधी सीडी मागावी लागली नव्हती. ती आपोआप यायची.

घरी येऊन तिने डबी उघडली.

मी चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवतो. एका गिऱ्हाइकाची फ्रेम हातात होती तेव्हा आईचा फोन आला.

"आत काही नाही रे."

कशात, असं मी विचारलं. ती तेच परत म्हणाली. आत काही नाही. फ्रेम एका भिंगाची तशीच ठेवून मी निघालो.

ड्रॉवर

आईला घेऊन मी दुकानात पोहोचलो तेव्हा ड्रॉवर जमिनीवर उलटे पडले होते. पांढरी पाकिटं एका खोक्यात कोंबलेली, सगळी रिकामी. आईने त्यातून आपला नंबर शोधून काढला. दोन हजार तीनशे अठरा. पाकीट फुंकर मारून उघडलं, आत बघितलं, पुन्हा बघितलं.

त्या दोघांपैकी एक म्हणाला, डब्या वेगळ्या विकायच्या, सीड्या वेगळ्या, असा वरून हुकूम होता. नुसत्या सीड्या कोण घेणार? सोमवारी एक द्राक्षवाला पाच पोती भरून घेऊन गेला. पाखरं हाकलायला.

आई एका उलट्या ड्रॉवरवर बसली.

नंबरकाकांचा फोन नंबर त्या माणसांकडे नव्हता. आमच्याकडेही नव्हता. त्यांचं आडनाव काय, मी आईला विचारलं. ते तिला ठाऊकच नव्हतं.

द्राक्षवाल्याचा पत्ता मात्र मिळाला.

इतर

गावाबाहेर, स्कूटरवर अर्धा तास. बाग दिसायच्या आधी चमक दिसली. वेलींच्या तारांवर, रांगेमागून रांग, सीड्या लटकत होत्या आणि वाऱ्याने फिरत होत्या. इतका प्रकाश डोळ्यांत आला की मी स्कूटर थांबवली. मागे बसलेल्या आईची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती.

द्राक्षवाला भला माणूस. सगळं ऐकून घेतलं, मग डोकं खाजवलं.

"एक घोळ आहे मावशी. आम्ही त्या दोन-दोन चिकटवल्यात. छापलेली बाजू आत. मागच्या साली एकेरी टांगल्या, तर अर्धा वेळ पाखरांना नुसती चित्रं दिसायची. चित्रं बघून कोण उडतं?"

घरातली सगळी माणसं तीन दिवस डिंक लावत बसली होती. तीन हजार सीड्या, दीड हजार जोड्या, दोन्हीकडून आरसा. नाव कशावरच नाही.

मी एक जोडी नखाने सोडवली. वरची चंदेरी पापडी छापासकट सुटून आली आणि हातात स्वच्छ प्लास्टिक राहिलं. मी ते डोळ्यांसमोर धरलं, रोज भिंग धरतो तसं. पलीकडे आई दिसली. त्या सीडीत जे काही होतं ते गेलं होतं. ती आपली नव्हे ना, हे सांगायलाही काही उरलं नव्हतं.

"सोडवू नकोस," आई म्हणाली. "हात लावू नकोस."

द्राक्षवाल्याने घरातून झाकणाचा एक जुना प्लेअर आणला. जोडी जाड होती, झाकण दाबून धरावं लागलं. पण वाजली. पहिलीतून एक माणूस पाढे म्हणत होता. उलटी बाजू लावली, लग्नाच्या बँडसारखं काहीतरी. आईने मान हलवली. तिसऱ्यातून आवाजच आला नाही, सिनेमाची असणार.

द्राक्षवाला म्हणाला, रोज या, माझी ना नाही. फक्त जिथली तिथे टांगा. शेजारच्या बागेतून त्याने दुसरा प्लेअरही मागून आणला.

आईने पदर खोचला. दुकान बंद झाल्यापासून पहिल्यांदा तिच्या अंगात जीव आल्यासारखा वाटला. तिने रांगा मोजल्या, अर्ध्या माझ्याकडे दिल्या. चौथं गाणं लावायचं, दीड मिनिट सोडायचं, मग सगळे थांबतात तिथे ऐकायचं. "तू तिकडून ये, मी इकडून येते. वाजली की हाक मार."

मी प्लेअर हातात घेऊन उभा राहिलो.

"जा ना."

"आई, मला ओळखता येणार नाही."

"म्हणजे काय?"

"मी ऐकलेली नाही ती."

तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग तिच्या लक्षात आलं. "कधीच नाही?"

मी मान हलवली. बाबा घरी वाजवायचे तो सराव, कशाचा ते मी कधी विचारलं नव्हतं, दार लावून घ्यायचो. गुरुवारी ती बोलवायची तेव्हा मला काम असायचं. अकरा वर्षांत एकदाही मी त्या काउंटरपर्यंत गेलो नव्हतो.

कागद वाचून तिचा चेहरा कसा झाला असेल ते मी पाहिलं नव्हतं. तो आता पाहिला.

तिने माझ्या हातातला प्लेअर काढून खाली ठेवला. वेलीखालच्या मातीत बसली, मलाही बसायला लावलं आणि डोळे मिटून ते चाळीस सेकंद गुणगुणली. आवाज दोनदा फाटला. मग म्हणाली, "म्हण."

मी म्हटलं.

"चुकलं. पुन्हा."