फुटपाथखालचं भूत

इंग्लंडमधल्या आमच्या बाथ शहरात पाहुणे आले की गरम पाण्याचे झरे बघतात, गोड बन खातात आणि परत जातात. माझा मामेभाऊ रुफस मात्र नऊ वर्षांचा. झरे बघून म्हणाला, "एवढंच? हिरवं तळं!"

मग मी त्याला खरीखुरी गंमत दाखवायला नेलं. आमच्या घरासमोरच्या फुटपाथच्या पोटात एक तळघर आहे. रस्त्यावरून दगडी जिना उतरला की त्याचं दार. पूर्वी वरच्या गोल भोकातून त्यात कोळसा ओतायचे. आता भोकावर जाड लोखंडी झाकण आणि खाली आमच्या सायकली.

"घाबरलास?" मी विचारलं.

"तूच घाबरट!"

झालं! शाळेच्या नाटकात मुख्य काम मिळाल्यापासून माझ्या अंगात वारंच शिरलं होतं. आत किती अंधार होतो ते दाखवायला मी दार धाडकन ओढून घेतलं. बाहेरची कडी खट्‌कन पडली.

आधी आम्ही खूप हसलो. मग मी दार ढकललं. मग खांद्याने ढकललं. मग हसू थांबलं. आईबाबा कामावर आणि माझा फोन ओट्यावर.

"ब्रायनी," रुफस म्हणाला, "माझा इनहेलर तुझ्या खोलीत राहिलाय गं."

त्या ओल्या, बुरसट हवेत त्याचा श्वास बारीक शिट्टीसारखा वाजत होता. सायकलच्या सीटवर चढून मी झाकणाला आतून लावलेली साखळी सोडली आणि दोन्ही हातांनी रेटा दिला. गंजलेलं झाकण तसूभरही हललं नाही.

तेवढ्यात वर पावलं वाजली. खूप पावलं. आणि टकेटसाहेबांचा खर्जातला आवाज! दर शनिवारी दिवेलागणीला ते पर्यटकांना भुतांच्या जागा दाखवत हिंडतात. आमच्या दारासमोर थांबतातच.

"याच दगडाखाली, मंडळी, एक मोलकरीण कोंडून मेली. अजून ती ठोठावते!"

मी जीव खाऊन झाकण ठोकलं.

वर किंकाळ्या फुटल्या. मग हशा आणि टाळ्या.

"वाचवा! माझ्या भावाला श्वास घेता येत नाहीये!"

"ऐकलंत? बाई आज रंगात आल्यात!" टकेटसाहेब म्हणाले. त्यांना वाटलं असणार, कुणीतरी कार्टं त्यांच्या खेळात हौसेने सामील झालंय.

"वा, काय आवाज आहे पोरीचा!" कुणीतरी म्हणालं. एरवी मी हवेत तरंगले असते. आत्ता रडू फुटलं. मी जितकी ओरडत होते तितक्या जोरात ते टाळ्या वाजवत होते.

रुफस बोलायचा थांबला होता. नुसती माझी पँट घट्ट धरून होता. वरची पावलं पुढे निघाली.

भुताला शोभेल असं काहीही म्हटलं तरी यांना तो खेळच वाटणार होता. भूत जे कधीच म्हणणार नाही, तेच म्हणायला हवं होतं.

"पुढच्या कोपऱ्यावर ॲडमिरलची गोष्ट आहे!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले. टकेटसाहेबांचा सगळा खेळ मला खिडकीतून ऐकून तोंडपाठ होता. "डोकं टोपीच्या खोक्यात सापडतं! आणि झाडामागून किंचाळते ती यांची बायको आहे!"

वरची पावलं थबकली, मागे वळली.

"कोण आहे ती आगाऊ कार्टी?" टकेटसाहेबांचा खर्ज पार उतरला होता. त्यांच्या काठीचं लोखंडी टोक झाकणाच्या फटीत घुसलं. कुरकुरत झाकण उचकटलं. दिव्याचा उजेड माझ्या तोंडावर पडला.

"तू? समोरच्या घरातली? माझ्या पोटावर पाय देतेस होय गं?"

"नाटक नाही हो! खाली या, कडी काढा! त्याला दमा आहे!"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. काठी टाकून ते जिना उतरले. कडी निघाली तशी मी सुसाट वर धावले. इनहेलर हातात येईपर्यंत मला स्वतःचाच श्वास ऐकू येत नव्हता.

रुफसने दोनदा औषध ओढलं. वरून कुणीतरी टाळी वाजवली. "गप्प बसा!" टकेटसाहेब खेकसले.

बऱ्याच वेळाने रुफस कुजबुजला, "खोक्यात... डोकं कसं काय आलं?"

टकेटसाहेब त्याच्याशेजारी पायरीवर बसले आणि साध्या आवाजात गोष्ट सांगू लागले. नजर मात्र त्याच्या वरखाली होणाऱ्या छातीवर होती. माझीही.